पलीकडून आलेला अभिप्राय

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. डहाणूपासून तलासरीपर्यंत कवितेचे जेवढे म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप असतील, त्यांत आमच्या 'काव्यकिनारा'इतका सुखी ग्रुप दुसरा नाही! आणि त्याचा ॲडमिन मी आहे. मी म्हणजे जतीन. घोलवडला माझी रोपांची नर्सरी आहे, मागे चिकूची वाडी आहे, आणि कलमं बांधता बांधता मी कविता करतो. माझी बायको निधी म्हणते, "तुमची कलमं मात्र छान जगतात हो." कवितांबद्दल ती काही म्हणत नाही.

ग्रुप सुखी असण्याचं कारण म्हणजे आमचा एकुलता एक नियम. 'इथे फक्त प्रोत्साहन.' कोणी काहीही टाकलं तरी बाकीच्यांनी वाहवा करायची. टीका ऐकायची असेल तर घरी बायको-नवरा आहेत, तिथे ऐकावी. त्यामुळे आमच्याकडे सकाळी उठल्यापासून नुसता फुलांचा, टाळ्यांचा आणि नमस्काराच्या हातांचा पाऊस!

या पावसातला सगळ्यात मोठा ढग म्हणजे महादेवकाका. तलासरीच्या आत एका पाड्यावर एकटे राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात सोबतीला कोंबड्या. आम्ही त्यांना प्रत्यक्ष एकदाच पाहिलं होतं, डहाणूच्या किनाऱ्यावर ग्रुपचा मेळावा झाला तेव्हा. पण ग्रुपवर रोज भेटायचे. कविता टाकून चहाचा कप उचलावा, तो ओठाला लागायच्या आत काकांचा अभिप्राय हजर: "व्वा! काळजाला भिडलं!" एवढंच. पण प्रत्येकाला, प्रत्येक कवितेला! कासाला मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या हितेशने एकदा चुकून रिचार्जचे नवे दर ग्रुपवर टाकले. काकांनी लिहिलं, "व्वा! काळजाला भिडलं!"

असा माणूस एके दिवशी एकदम गप्प झाला.

पहिल्या दिवशी वाटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी डहाणूच्या दक्षाबेननी 'सांजवेळ' टाकली, काका गप्प. प्रविण सरांनी, म्हणजे तलासरीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ कवींनी, अठ्ठावीस कडव्यांचं 'मातृभूमी' टाकलं. काका गप्प! मी फोन लावला तर बंद. काकांनी शेजारच्या सुकीचा नंबर मला कधीतरी दिला होता, तो लावला. वारा, कोंबड्यांचा कलकलाट आणि मधूनमधून एका बाईचा आवाज ऐकू आला.

"सुकीताई का? महादेवकाका आहेत का?"

"काका? काका गेले ना!"



"गेले? कधी?"

"परवा. पहाटेच गेले."

"असे अचानक?"

"अचानक कुठं! खूप दिवसांचं चाललं होतं. आज जातो, उद्या जातो. मग माणसं आली, गाडीत घातलं न् नेलं."

"जाताना काही बोलले का हो?"

"बोलले ना. म्हणले, सुकी, माझ्या कोंबड्यांकडं बघ."

आणि फोन कटला. परत लावला तर लागेचना. मी तिथेच मातीच्या पिशव्यांवर बसलो. निधी आतून आली, तिला सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. "तुमच्या कवितेला चांगलं म्हणणारा एक तरी माणूस होता," ती म्हणाली आणि हुंदका दिला. तो नक्की कोणासाठी होता, हे मी विचारलं नाही.

ग्रुपवर मी बातमी टाकली. अर्ध्या तासात तिथे पूर आला! नमस्काराचे हात, विझलेल्या पणत्या, आणि मग अर्थातच कविता. प्रविण सरांची पहिली:

हे वटवृक्षा, कोसळलास तू,
सावली आमची हरवली!
पारंब्या आता धरू कुठे रे,
नियतीने कुऱ्हाड चालवली!

दक्षाबेनची त्यांच्या मागोमाग. मग हितेशची, "नेटवर्क तुटले, रेंज गेली, आयुष्याची बॅटरी मेली!" आणि माझी. माझी जरा वेगळ्याच उंचीवर गेली होती, हे मलाही जाणवत होतं: "तू गेलास अन् समुद्र रडला, चिकूच्याही डोळ्यांत पाणी." ही ओळ सुचली तेव्हा मी स्वतःच रडलो. काकांचं नाव मात्र कोणाच्याच कवितेत आलं नाही, कारण 'महादेव'ला यमक जुळवताना सगळ्यांची दमछाक झाली.

शेवटी ठरलं, की येत्या रविवारी उन्हं कलल्यावर माझ्या वाडीत शोकसभा घ्यायची. मेळाव्याच्या सामूहिक फोटोतून काकांना कापून मी फोटो मोठा करून आणला. त्यात एक घोटाळा झाला. काकांच्या खांद्यावर ज्याने हात ठेवला होता तो माणूस कापला गेला, हात तसाच राहिला. मनगटापासून पुढचा एक हात, काकांच्या खांद्यावर! "हे बरं नाही दिसत हो," निधी म्हणाली. मी म्हटलं, हाराने झाकू.

आणि मग शुक्रवार उजाडला.

आता आमच्याकडची एक गोष्ट ठाऊक असायला हवी. डहाणू-तलासरीच्या जमिनीला गेली काही वर्षं हादऱ्यांची सवय लागली आहे. मोठे नसतात. आधी जमिनीखालून 'धुम्म' असा आवाज येतो, जणू कोणी तळघरात जड पेटी टाकली, मग भांडी किणकिणतात, कुत्री भुंकतात, आणि सगळं शांत. आम्ही चहा पिता पिता म्हणतो, "आला," आणि पुढचा घोट घेतो. त्या शुक्रवारपर्यंत तरी घेत होतो.

दुपार होती. मजूर जेवायला गेले होते. चिकूच्या वाडीत भर दुपारीही तिन्हीसांज असते, फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली गार काळोख. पान हलत नव्हतं. मी शोकसभेच्या जागेवरचा पाला झाडत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. उघडला. ग्रुपच्या नावाखाली लिहून येत होतं:

'महादेवकाका टाइप करत आहेत...'

मी डोळे चोळले. अक्षरं तशीच. ती तीन टिंबं जिवंत असल्यासारखी वरखाली होत होती. बराच वेळ. आयुष्यात ज्यांनी तीन शब्दांपलीकडे काही लिहिलं नाही ते काका काहीतरी मोठं लिहीत होते! आणि आलं. प्रविण सरांच्या कवितेखाली:

"वटवृक्ष कोसळला तर पारंब्या जमिनीवरच असतील. धरायला उलट सोपं. नीट बघून लिहा."

धुम्म!

पायाखालची वाडी हलली. चार-दोन चिकू टपटप पडले. झाडांत उलटी टांगलेली वटवाघळं एकदम उडाली. आणि मी, अहो, मी झाडू हातात घेऊन असा पळालो की थेट स्वयंपाकघरात ओट्यापाशी थांबलो.

"काय झालं?" निधीने विचारलं.

"काकांचा अभिप्राय आला."

"व्वा, काळजाला भिडलं?"

"नाही गं! वाईट आलाय!"

आता निधीसुद्धा खाली बसली.

 मग हितेशने मला फोन केला. तंत्रज्ञान म्हटलं की आमचा सगळा विश्वास हितेशवर. "घाबरू नको जतीनभाई," तो म्हणाला, "जुने मेसेज टॉवरमध्ये अडकतात. कधीतरी सुटतात. काकांनी जिवंतपणी लिहिलेलं आता पोचलं."

"हितेश, ते मेल्यावर लिहिलेल्या कवितेवर जिवंतपणी अभिप्राय कसा देतील?"

 "दुकानात गिऱ्हाईक आलंय," हितेश म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळपर्यंत दक्षाबेनचा नंबर लागला. "दिवा विझला, तेल संपले, रात्र झाली, असं आपण लिहिता. ही कविता आहे की तक्रार?" दक्षाबेननी लगेच मला फोन केला. "जतीनभाई, एमनो जीव कवितामां अटकी गयो छे! आमच्यात पण एक काका असे होते, त्यांचा जीव तिजोरीत अडकला होता. याचं काहीतरी करा! मी महालक्ष्मीमातेला नारळ बोलले आहे."

मग हितेशला आलं: "यातल्या यात ही बरी. निदान खोटं रडलेला नाहीस." हितेश आधी घाबरला, मग मला म्हणाला, "वाचलंस? यातल्या यात बरी!" भुताची का असेना, शाबासकी ती शाबासकी.

आणि सगळ्यात शेवटी मला: "चिकूला डोळे नसतात. अननसाला असतात. विचार कर."

मी रात्रभर विचार केला. बरोबर होतं. त्यानेच जास्त भीती वाटली.

शनिवारी सकाळी मी आणि हितेशने ठरवलं, जाऊन काकांचं घरच बघून यायचं. सुकी भेटली तर नीट विचारू. मोटारसायकलवरून निघालो. हायवे सोडला, रस्ता आत वळला, मग कच्चा झाला, मग पाऊलवाट. कापणी झालेली भातखाचरं, पिवळं गवत, ऊन. माणूस दिसेना. सगळा पाडा कामाला गेलेला. काकांचं घर टोकाला, कौलारू. दाराला कुलूप. आणि दारात आम्ही जे पाहिलं ते पाहून हितेशने माझं मनगट धरलं ते परत निघेपर्यंत सोडलं नाही. अंगणातली बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. आणि उंबरठ्यासमोर एक मातीचं मडकं. फुटलेलं! खापऱ्या इकडेतिकडे, मधे ओल.

"मडकं फोडलंय," हितेश पुटपुटला.

"दिसतंय."

"म्हणजे सगळं विधिवत झालंय."

काकांच्या कोंबड्या कुडाच्या आडून बाहेर आल्या आणि आमच्याकडे टक लावून बघू लागल्या. एकही आवाज करत नव्हती. मी म्हटलं, "काका, आम्ही आलो होतो. येतो आता." म्हणालो आणि वाटलं, हे कोणाला सांगितलं आपण?

तेवढ्यात आमचे दोघांचेही फोन एकदम वाजले. त्या ओसाड शांततेत केवढे दचकलो! ग्रुपवर नवी कविता होती. पाठवणारे, महादेवकाका.

मातीखाली निजलो आहे,
ओळखतो मी पाऊल तुमचे;
हळूच चाला अंगणातुनी,
कूस बदलतो आहे मी.

मी शेवटची ओळ वाचली, खाली बघितलं. आम्ही अंगणातच उभे होतो. आणि आमच्या पायाखाली, खोल कुठेतरी, धुम्म!

कौलं खडखडली. भिंतीला उभी केलेली बाज धाडकन आमच्या बाजूला पडली. कोंबड्या उडाल्या, हितेश उडाला, मी उडालो. मोटारसायकल कधी चालू झाली आणि कोण चालवत होतं, ते अजून आमच्यात ठरलेलं नाही. कासाच्या नाक्यावर आल्यावर कळलं की माझी एक चप्पल काकांच्या अंगणात राहिली आहे. हितेश म्हणाला, "आणतोस का?" मी एका चपलेवर घोलवडपर्यंत आलो.

प्रविण सर शिक्षक असल्यामुळे जरा धीट. त्यांनी ग्रुपवर थेट विचारलं: "आदरणीय काका, आपण सध्या कुठे आहात?"

उत्तर आलं: "पलीकडे."

 तासाभराने सरांची कविता परत आली, सुधारलेली! पारंब्या काढून टाकल्या होत्या. मग दक्षाबेनची आली, तेलाशिवाय. काकांचा जीव कवितेत अडकला असेल तर कविता नीट करून तो सोडवावा, असा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी केला होता. मीही बसलो. चिकूचे डोळे काढले. खरं सांगतो, इतक्या काळजीने आम्ही आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. एकेक शब्द तीनदा तपासत होतो. मानेवर कोणाचा तरी श्वास असल्यावर माणूस शुद्धलेखनसुद्धा बघतो!

दुपारी काकांचा आवाजाचा मेसेज आला. उघडायची हिंमत कोणाची होईना. निधी म्हणाली, "तुम्ही ॲडमिन ना? लावा." मी फोन पाटावर ठेवला, आम्ही दोघं लांब बसलो, आणि तिने लाटण्याच्या टोकाने बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग खोल, संथ, ओळखीचा आवाज:

"मंडळी... टाइप करून दमलो, म्हणून बोलतो. इतकी वर्षं सगळं धुक्यात होतं. मग मला आडवं केलं. म्हणाले, हलू नका. भोवती सगळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. आणि एकदम उजेड! काय सांगू तुम्हाला, असा पांढरा लख्ख उजेड... आता मला सगळं स्वच्छ दिसतंय. तुमचं एकेकाचं खरं रूप दिसतंय. जतीन, तुझं तर फारच."

फोनवरचा आवाज थांबला. निधीने लाटणं देवापुढे नेऊन ठेवलं.

ते ऐकून दक्षाबेननी आणखी एक नारळ बोलला. आणि त्याच संध्याकाळी शेवटचा घाव पडला. मी ग्रुपवर कळवलं होतं, 'रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे घोलवडच्या वाडीत. सर्वांनी यावे.' त्याखाली उत्तर उमटलं:

"मीपण येतो."

तुम्हाला वाटेल, रविवारी कोणी फिरकलं नसेल. उलट! झाडून सगळे आले. प्रविण सर म्हणाले, "वाडीत नाही दिसलो तर घरी शोधत यायचे. त्यापेक्षा समूहात असलेलं बरं." हितेशने गळ्यात ताईत घातला होता. दक्षाबेननी नारळांची पिशवीच आणली होती. आम्ही चिकूच्या झाडांखाली सतरंजीवर एकमेकांना खेटून बसलो. समोर खुर्चीवर काकांचा फोटो, हार घातलेला. हाराखालून तो एकटा हात बोटं बाहेर काढून बघत होता. उन्हं कलली. वाडीत काळोख भरू लागला. उदबत्तीचा धूर वर जाईना, आमच्याचभोवती घुटमळत राहिला.

"सुरुवात करू या," मी म्हटलं. "प्रविण सर, आपण ज्येष्ठ. आपली कविता."

"ॲडमिनने आधी म्हणावी."

"नाही नाही, मान तुमचा."

मान कोणालाच नको होता. तेवढ्यात दूर, वाडीच्या पलीकडच्या टोकाला, सुकलेला पाला चुरचुरला. चुर्र. थांबला. परत चुर्र. कोणीतरी सावकाश, पाय चाचपत चालत होतं.

 दोन झाडांमधल्या अंधारातून एक आकृती पुढे आली. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, आणि चेहऱ्यावर, डोळ्यांच्या जागी, दोन मोठे काळे खड्डे!

धुम्म!

जमीन अशी हलली की खुर्चीवरचा फोटो पुढे झुकला, आणि दाणकन पालथा पडला. मग काय विचारता! प्रविण सर चिकूच्या झाडावर चढले. साठी जवळ आलेला माणूस, खारीसारखा चढला! हितेशने डोक्यावरून सतरंजी ओढून घेतली, तिच्यावर बसलेल्या दक्षाबेनसकट. दक्षाबेन एकामागून एक नारळ त्या आकृतीच्या दिशेने फेकू लागल्या, "ले माताजी! ले माताजी!"   मी हात जोडले आणि किंचाळलो, "काका, चिकूचे डोळे काढले हो! काढले!"

एक नारळ आकृतीच्या पायाशी फुटला. आकृती मागे उडी मारून म्हणाली, "अरे, अरे! डोळ्याला लागेल ना! कालपरवा ऑपरेशन झालंय माझं!"

सगळं थांबलं. फक्त झाडावर प्रविण सरांची फांदी करकरत होती.

निधी स्वयंपाकघरातून धावत आली होती. ती सरळ पुढे गेली, आकृतीच्या पायांकडे निरखून बघितलं, पावलं सरळ आहेत याची खात्री केली, आणि म्हणाली, "काका, तुमचं कसलं ऑपरेशन?"

"मोतीबिंदूचं." काकांनी काळा गॉगल सारखा केला. "मुलगी वापीला असते ना, ती आणि जावई येऊन गाडीत घालून घेऊन गेले. किती दिवस टाळत होतो. आज वापीहून शटल गाडीने आलो, म्हटलं कार्यक्रम चुकवायचा नाही. पण तुम्ही हे काय मांडलंय?"

बॉर्डर ओलांडली की वापी. तलासरीची माणसं गुजरातला 'पलीकडे' म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे! मडकं हादऱ्याने फुटलं होतं, बाज कोंबड्या घाण करतात म्हणून सुकीने उभी केली होती. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं, की काका खाली वाकत आहेत. पालथा पडलेला फोटो त्यांनी उचलला. उलटा केला. हार बघितला. स्वतःचा चेहरा बघितला.

 

"हा मी," काका म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे त्या कविता... माझ्यावर होत्या?"

"हो काका," दक्षाबेन सतरंजीतून म्हणाल्या.

"मला वाटलं, या आठवड्याचा विषय 'मृत्यू' आहे. डॉक्टरांनी मोबाईल थोडाच वेळ बघायला सांगितलंय. वरचे शेकडो मेसेज कोण वाचणार? खालून सुरुवात केली, बघतो तर जो तो मरणावर लिहितोय. मग मीपण एक केली. आमच्याकडे रोज हादरतं, त्यावरून सुचली." ते चिकूच्या पालथ्या क्रेटवर टेकले. फोटो मांडीवर. "मला वाटायचं, आपण गेलो तर कोंबड्यांशिवाय कोणाला कळायचंसुद्धा नाही. आणि तुम्ही... सतरंजीबितरंजी घालून..."

त्यांनी गॉगलच्या खाली बोट घातलं. "डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं सांगितलंय," ते म्हणाले, आणि डॉक्टरांचं ऐकलं नाही. निधी चहा आणायला आत गेली. प्रविण सरांना उतरता येईना, त्यांना मी आणि हितेशने खांद्यावर घेऊन उतरवलं. माझ्या मानेवर त्यांचे पाय होते आणि तरीही मला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू! आमचे काका होते. समोर बसून बशीतून चहा पीत होते.

मग त्यांनी हट्टच धरला, की सगळ्यांनी आपापल्या कविता त्यांना समोर बसून म्हणून दाखवाव्यात. "आयुष्यात कोणी माझ्यावर ओळ लिहिली नव्हती. आता हारापर्यंत आलोय तर ऐकूनच जातो!" आम्ही म्हटल्या. गंमत बघा, सुधारलेल्या कविता खरंच बऱ्या झाल्या होत्या. प्रविण सरांच्या शेवटच्या ओळीला हितेशसुद्धा सतरंजीच्या कडेने नाक पुसत होता.

माझी झाल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही 'काळजाला भिडलं' असं लिहायचात. आणि आता एकदम चिकू, अननस... असं का हो?"

काका मनापासून हसले. "अरे, तेव्हा मला दिसत कुठे होतं! अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. कविता लांब आहे की आखूड, एवढंच कळायचं. म्हटलं, पोरांनी मेहनत घेतली आहे, चांगलं म्हणावं. आता या डोळ्याने पहिल्यांदाच वाचल्या तुमच्या कविता. मागच्या जुन्यापण काढून वाचतोय हळूहळू. जतीन, तुझ्या बऱ्याच आहेत."

निधी एवढ्या मोठ्याने हसली की उरलेली वटवाघळंही उडाली.

तर असं आहे. काका आता रोज वाचतात, रोज लिहितात, आणि ग्रुपवर कविता टाकण्याआधी लोक पाणी पितात. परवा त्यांचा फोन आला होता. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, वापीलाच. सोबत म्हणून मला चल म्हणाले. जाणार आहे, न जाऊन कसं चालेल! फक्त डॉक्टरांना एकदा बाजूला घेऊन विचारेन म्हणतो, की हा डोळा थोडासा धूसर ठेवता येईल का?